पिठाचं बाळ

२ जून, रविवार

उपासाचा रविवार. पोटात कावळे ओरडत होते आणि चर्चमध्ये सिस्टर बॅग्नॉल ट्रेकचे नियम सांगत होत्या. फोन नाही. जीन्स नाही. मुलींनी घोट्यापर्यंत स्कर्ट, आत ढगळ चड्डी आणि डोक्याला झालरीचं टोपडं — तान्ह्या बाळाला बांधतात तसलं. मुलांना मात्र नुसती हॅट आणि शर्ट. कॅम्री माझ्या कानात म्हणाली, "त्यांना बरंय!" सामान झाकणाच्या एका बादलीत मावेल तेवढंच. ती बादली वजनकाट्याला लटकवून बघणार.

आमचे खापरपणजोबा हातगाडीवर संसार लादून, ती स्वतः ओढत, माळरान तुडवत इथे युटामध्ये आले. आम्ही जुलैत वायोमिंगच्या माळावर तीन दिवस तशाच गाड्या ओढायच्या, म्हणजे त्यांनी काय भोगलं ते आम्हाला कळेल म्हणे. तीन दिवसांत काय कळायचंय! पण मला जायचंय. सहावीपासून जायचंय. थोरल्या मुली रडून, उन्हाने रापून, एकमेकींच्या गळ्यात गळे घालून परत यायच्या आणि मला त्यांचा हेवा वाटायचा.

दहा-दहा मुलांची कुटुंबं करतात. प्रत्येकाला एक 'मा' आणि एक 'पा', चर्चमधलंच कुणीतरी जोडपं. जानेवारीत आमच्या कुटुंबासाठी आईबाबांना विचारलं होतं. आई तेव्हा पोट सांभाळत हसली होती — "जुलैपर्यंत हा पाच महिन्यांचा होईल, त्यालाही टोपडं घालून नेऊ." मार्चमध्ये बाबांनी फोन करून नाही म्हणून सांगितलं. कुणी कारण विचारलं नाही.

५ जून

आमचे मा-पा म्हणजे ब्रिंडी आणि केल्टन. लग्नाला चार महिने झालेत. ब्रिंडी अजून कॅम्रीच्या बहिणीचे ड्रेस मागून नेते, ती आमची मा. आमच्या दहांतला थेन तिला मुद्दाम "मा, मला भूक लागली, मा" करत बसला. ती लाजून लाल.

चर्चच्या पार्किंगमध्ये गाडीत वाळूच्या पिशव्या टाकून ओढली. वळणावर गाडी आमच्यावरच आली. हातावर फोड आलाय.

मग बाळं आणली. खरं तर पीठ. दहा पौंड पीठ मांजरपाटाच्या पिशवीत शिवून वर फ्लॅनेल गुंडाळलेलं. प्रत्येक कुटुंबाला एक. आठवडाभर एकाने सांभाळायचं, मग दुसऱ्याने. जमिनीवर ठेवायचं नाही, एकटं सोडायचं नाही, तोंड काढायचं नाही. (थेनने लगेच पेन काढलं होतं.) आणि ट्रेकच्या दुसऱ्या दिवशी चिठ्ठी टाकून त्यातलं एक बाळ 'जाणार'. सगळ्यांनी मिळून वाटेत खड्डा खणायचा, पुरायचं, प्रार्थना म्हणायची आणि गाड्या उचलून पुढे निघायचं. मागे वळून बघायचं नाही. "कारण तेव्हा असंच करावं लागलं होतं," सिस्टर बॅग्नॉल म्हणाल्या. मग माझ्याकडे नजर गेली आणि त्यांना आठवलं. एकदम टोपड्यांच्या रंगाबद्दल बोलायला लागल्या.

नाव ठेवायचं होतं. थेन म्हणाला "बिस्किट". मुली म्हणाल्या इलायझा. भांडण मिटलं नाही. बाळाला बांधायच्या पट्टीवर नाव निघायच्या दिवशी लिहायचं ठरलं. माझ्या डोक्यात एकच नाव येतं आणि ते आमच्या घरात कुणी घेत नाही.

९ जून

आई आजही चर्चला आली नाही. बाबा आणि मी बाकाच्या टोकाला बसतो, म्हणजे मधे तिची जागा दिसत नाही.

फ्रिजवर अजून ते कार्ड आहे. इवलीशी दोन निळी पावलं, खाली — ॲन्सन जॉर्गेनसन, सहा पौंड अकरा औंस. हॉस्पिटलवाल्यांनी दिलेलं. एक दुपारभर होता तो. बाबांनी आशीर्वाद दिला, नाव ठेवलं, संध्याकाळी गेला. कार्ड कुणी काढत नाही आणि त्याकडे कुणी बघतही नाही. फ्रिजमधून दूध काढताना आम्ही तिघंही खिडकीकडे बघतो.

आणि फ्रिजच्या वर ती भांडी! फेब्रुवारीत गावाने दुखवट्याचं जेवण म्हणून बटाट्याच्या कॅसरोलचा पूर लोटला होता. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव. बॅग्नॉलांची दोन. बाबांनी घासून ठेवलीत. परत द्यायची तर दार वाजवून "कशी आहे लारी?" म्हणून आईची चौकशी ऐकावी लागणार, म्हणून ती तिथेच.

आईने तेव्हापासून पाव भाजला नाही. आधी दर सोमवारी सहा पाव. आता दुकानाचा पाव. कुणी काही म्हणत नाही. मला आई ट्रेकला हवी होती. अजून हवी आहे. पण हे मी फक्त इथे लिहितेय.

१३ जून

स्कर्ट स्वतः शिवला. एक बाजू लांब, एक आखूड. आई दारातून बघत होती. वाटलं आत्ता येईल, म्हणेल, "सरक, दे इकडे." वळून गेली.

१६ जून, रविवार

बाळ माझ्याकडे आलं. कॅम्री म्हणाली, "माझ्याकडेच राहू दे गं, कुणाला कळणार आहे?" मी म्हटलं नको. आपली पाळी आपणच घ्यावी. हा शहाणपणा कुठून सुचला कोण जाणे.

आईला दिसू द्यायचं नाही एवढंच डोक्यात होतं. कोटात गुंडाळून मागच्या दाराने तळघरात नेलं. वर्षभराचं धान्य आमच्या तळघरात असतं, सगळ्यांच्याच असतं. गव्हाच्या बादल्या, साखर, पिठाचे डबे, पीचच्या बरण्या. दोन बादल्यांच्या मधे फळी टाकून त्यावर ठेवलं. जमिनीवर ठेवायचं नाही ना! वर जुना टॉवेल. पीठ पिठात लपलं. स्वतःच्या हुशारीवर खूश होते.

१७ जून

दोनदा खाली जाऊन बघून आले. पीठ आहे ते, टिर्झा. कुठे जाणारे?

१९ जून

ब्रिंडीने सांगितलेलं की रोज थोडं चालवून आणा, हाताला सवय होते. आई झोपलेली बघून कालव्याच्या कडेने नेलं. दहा पौंड म्हणजे काही नाही असं वाटतं, पण वळणापर्यंत खांदा भरून येतो. मग मी त्याला डाव्या खांद्यावर घेतलं आणि आपोआप थोपटायला लागले. कुणी शिकवलं नव्हतं. तिथेच बांधावर बसून रडले. ॲन्सनला मी काचेतूनच बघितलं होतं. घेतलं नव्हतं. "उद्या घे," म्हणाले होते.

आता बरं वाटतंय.

२१ जून

टर्की फार्मवर बाबांना डबा देऊन परत आले तर घराबाहेरच वास आला. पावाचा. आधी वाटलं शेजारचा असेल. मग धावले.

आई ओट्यापाशी. केस बांधलेले. हात कोपरापर्यंत पांढरे. चार पाव कापडाखाली गार होत होते आणि दोन भट्टीत. मला इतका आनंद झाला की मी तिला मागून मिठी मारणार होते. मग टेबलावर मांजरपाटाची पिशवी दिसली. शिवण उसवलेली. निळं फ्लॅनेल घडी घालून बाजूला.

म्हटलं, "आई, ते..."

"पीठ आहे ते," आई म्हणाली. माझ्याकडे न बघता. "पिठाचं काय करतात?"

तिला माहीत होतं. टॉवेलखाली, फ्लॅनेलमध्ये, फळीवर निजवलेलं पीठ कुणी ठेवतं का? तिला सगळं माहीत होतं आणि तिने कात्री घेतली.

रात्री जेवताना बाबांनी पाव बघितला आणि त्यांचे डोळे भरले. दोन तुकडे खाल्ले, तिसऱ्याला लोणी लावता लावता मला हळूच विचारलं, "कधी भाजला?" मी सांगितलं, कशाचा ते. त्यांचा हात थांबला. आईने त्यांच्याकडे बघितलं. "खा, डेल," म्हणाली. त्यांनी खाल्ला. मीही खाल्ला. चांगला झाला होता. काय लिहू! चांगला झाला होता.

२२ जून

कॅम्रीला सांगावंच लागलं. ती बघतच राहिली. "म्हणजे तुम्ही आमचं बाळ खाल्लं?" थेन तिच्यामागेच उभा होता. "लोणी लावून?" आणि मला हसू फुटलं, थांबेना. कॅम्रीही हसली. हसणं ओसरल्यावर थेन म्हणाला, "सॉरी. तुझी आई बरी आहे ना?" बिस्किटवाला थेन. फेब्रुवारीपासून सरळ तोंडावर विचारणारा तो पहिला.

मी म्हटलं, माहीत नाही.

सिस्टर बॅग्नॉलना काय सांगायचं? कॅम्री म्हणते दुसरं पीठ भरून टाक. पण पिशवी आईकडे आहे. मागायची हिंमत नाही.

२४ जून

आईच बोलली. मी भांडी विसळत होते, ती पुसत होती. बऱ्याच दिवसांनी असं जोडीने. "त्याचं काय करणार होतात?"

मी म्हटलं, सांभाळायचं. ओढत न्यायचं.

"आणि?"

आई 'आणि' म्हणाली की खोटं बोलता येत नाही. सांगितलं. दुसरा दिवस, चिठ्ठी, खड्डा, प्रार्थना. सांगताना मी नळाकडे बघत होते.

"सगळे असतात तेव्हा?"

"सगळे."

"मा पण?"

"ती तर असतेच. तीच ठेवते ना आत."

आई तीच बशी पुसत राहिली. कोरडी झाली तरी. मग विचारलं, "कुठलं बाळ, ते कोण ठरवतं?" म्हटलं, चिठ्ठी. "हं," म्हणाली आणि मागच्या अंगणात गेली. मला स्वतःचाच राग आला. कशाला सांगितलं मी! हा विषयच तिच्या कानावर जायला नको होता. त्यासाठीच तर तळघर केलं होतं.

२८ जून

फ्रिजवरची भांडी गेली! आईने स्वतः गाडी काढली, घरोघरी भांडं आणि भांड्यात पाव. तीन तास लागले. परत आली तेव्हा दमलेली, नाक लाल. "बॅग्नॉलकडे दोन दिले," एवढंच म्हणाली.

२ जुलै

पहाटे आमची कालव्याच्या पाण्याची पाळी होती. बाबांबरोबर फळी उचलायला गेले. लुसर्न गवताच्या शेतात पाणी शिरेपर्यंत नुसतं उभं राहायचं असतं, आणि तेव्हाच बाबा बोलतात.

म्हणाले, "तुझी आई दफनाला नव्हती, ते तुला आठवतं ना?" आठवणार नाही तर काय? आई हॉस्पिटलात होती, रक्त थांबत नव्हतं. इथे जमीन गोठलेली, हिमवादळ येणार होतं. बाबा, आजोबा आणि बिशपनी पहारीने खणलं. मी गाडीत बसून होते, हीटर लावून.

"मला वाटलं तिला ते बघावं लागू नये," बाबा म्हणाले. "ती घरी येईपर्यंत सगळं आटोपलेलं असावं. मला वाटलं मी तिच्यावरचं ओझं उचललं." पाणी त्यांच्या बुटांपर्यंत आलं. "तिने एकदाच विचारलं, थांबला का नाहीस. त्यानंतर विचारलं नाही."

मी त्यांचं फावडं घेऊन चर मोकळी करत राहिले. आई अजून एकदाही तिकडे गेलेली नाही. दफनभूमी आमच्या शेताच्या पलीकडच्या टेकाडावर आहे. भट्टीपाशी उभं राहिलं की दिसते.

५ जुलै

बाळ परत आलं. सकाळी माझ्या बादलीवर ठेवलेलं होतं. तीच पिशवी, तेच निळं फ्लॅनेल, बारीक बारीक टाके. आईचे टाके. माझा स्कर्टही खुर्चीवर — दोन्ही बाजू सारख्या केलेल्या.

मी "थँक यू" म्हटलं. ती म्हणाली, "कमरेलाही सैल होता. कुणी शिकवलं तुला?" म्हटलं, कुणीच नाही. "ते दिसतंच आहे," म्हणाली. जुनी आई.

बाळ मला हलकं वाटलं. गाडी ओढून माझेच हात भक्कम झाले असतील.

८ जुलै

उद्या निघायचं. बादली भरली, तीनदा रिकामी केली. थेनचा फोन — बादलीत वाळवलेल्या मांसाची, बीफ जर्कीची पाकिटं किती चालतील? काटा सिस्टर बॅग्नॉलच्या हातात आहे म्हटल्यावर निम्मी कमी करतो म्हणाला.

मी सिस्टर बॅग्नॉलना सांगणार आहे की चिठ्ठीत आमच्या कुटुंबाचं नाव टाकू नका. कारण सांगितलं नाही तरी त्यांना कळेल. मला ते बाळ खड्ड्यात ठेवायचं नाही. आईचे टाके आहेत त्याला. वर बाबांची आणि आईची कुजबुज चाललीय, बऱ्याच वेळची. बाबा माळ्यावर काहीतरी शोधतायत. ट्रंक ओढल्याचा आवाज येतोय.

९ जुलै, बसमध्ये

अक्षर हलतंय, बस हलतेय.

पार्किंगमध्ये वजनं चालली होती. आमची गाडी थांबली तर माझ्या आधी आई उतरली. आजीचा लांब स्कर्ट, हातात टोपडं. मागे बाबा, तिची बादली घेऊन. मला गाडीत काहीच कळलं नव्हतं. तिच्या अंगावर कोट होता, मला वाटलं सोडायला येतेय. थेन ओरडला, "एका पाला दोन मा! आता कुठे दोन-दोन बायकांच्या खापरपणजोबांसारखं खरं कुटुंब झालं!" ब्रिंडीने त्याला टोपड्याने मारलं आणि आईच्या गळ्यात पडली.

सिस्टर बॅग्नॉलनी बाळ काट्याला लावलं. "हे कमी भरतंय, टिर्झा. दहा हवेत." मी काट्याकडे बघितलं. सहा पौंड अकरा औंस.

"तेवढंच राहू दे," आई म्हणाली. "त्याचं तेवढंच होतं."

सिस्टर बॅग्नॉलनी बाळ काट्यावरून काढून आईकडे दिलं. आई म्हणाली, "आणि चिठ्ठी टाकू नका. पुरायचं ते आमचं. मागच्या वेळी मी नव्हते." मग बाबांकडे वळली. "चल, डेल. तुलाच खणायचंय." बाबांनी हॅट काढली आणि मान हलवली.

सिस्टर बॅग्नॉलनी पट्टी आणि पेन पुढे केलं. आईने नाव स्वतः लिहिलं, आणि लिहिता लिहिता सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली. आता ती माझ्या पुढच्या बाकावर आहे, बाळ तिच्या डाव्या खांद्यावर, आणि ती थोपटतेय.